पेट्रोलचा वास

३ मार्च

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. फोनच केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि आमच्या घराला रेंज नाही. त्यामुळे आपली पत्रं काही सुटत नाहीत.

बातमी ही की आम्ही पिकअप घेतली. जुनीच आहे. सोफे बनवणाऱ्या एका माणसाची होती, सीटखाली अजून त्याच्या कापडाच्या चिंध्या आणि खिळे सापडतात. रंग कधीकाळी निळा असावा. हौदा मात्र दणकट आहे, मधमाश्यांच्या पेट्या दोन थरांत बसतात. आता फुलोरा असेल तिकडे पेट्या हलवायला कुणाच्या मिनतवाऱ्या नकोत, असं हे म्हणाले आणि मीही मान डोलावली. चालवते मीच. ह्यांनी एकदा प्रयत्न केला आणि गाडी कोंबड्यांच्या खुराड्यात घातली.

सुरुवातीला मागून पेट्रोलचा वास यायचा. टाकीचं तोंड हौद्याला लागूनच आहे, वास पेट्यांत शिरायचा आणि माश्या चवताळायच्या. हे म्हणाले, थांब, मी बघतो. दुसऱ्या दिवसापासून वास गेला. हाताने हुशार माणूस, त्यात वादच नाही. आमच्याकडे खिडकीच्या फटीपासून चपलेच्या टाक्यापर्यंत सगळं ह्यांच्या मेणाच्या गोळ्यावर चालतं, तुला ठाऊक आहे.

पण दादा, गाडी मधेच मरते. तू म्हणायचास ना, आवाज सांग, रोग सांगतो? तर ऐक. सुरू होते एका किल्लीत. टेकडीच्या पायथ्यापर्यंत शहाण्यासारखी चालते. चढाला लागली की जोर कमी कमी होत जातो, पाय कितीही दाबला तरी उचल घेत नाही. मग घास अडकल्यासारखी उचकते आणि गप्प. थोडा वेळ तशीच उभी ठेवली की पुन्हा सुरू होते, जसं काही झालंच नव्हतं. परवा वरच्या वळणावर बंद पडली. मागे एक ट्रक होता, गाडी पुन्हा सुरू होईपर्यंत त्याने हॉर्नवरचा हात काढला नाही.

काय बघू ते लिही. लवकर लिही.

तुझी धाकटी


११ मार्च

भोंग्या,

लहानपणी तुझं रडणं दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचं म्हणून हे नाव ठेवलं. आता तू समोर उभी राहून बोंब मारलीस तरी मला नुसतं तोंड हललेलं दिसेल. गॅरेजमध्ये असताना लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावली की आत काय बिनसलंय ते मला कळायचं. आता तो स्क्रू-ड्रायव्हर तुझी वहिनी कुंडीतली माती उकरायला वापरते. तेव्हा माझे कान तूच हो.

इंजिनाची वीज तुटली की गाडी फटकन बंद पडते, दिवा विझावा तशी. तुझी आधी दमते आणि मग बंद पडते. म्हणजे पेट्रोल पुरं पोचत नाही. इंजिन उपाशी राहतंय. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे, एवढं मी इथे बसून पैजेवर सांगतो.

आधी सोप्यापासून सुरुवात कर. टाकीतून थोडं पेट्रोल पारदर्शक बरणीत काढ आणि बरणी हलवू नकोस. खाली पाण्याचा थर दिसला किंवा लाल गाळ बसला, तर त्या सोफेवाल्याने गाडी पावसात उभी करून सडवली आहे असं समज. मग पेट्रोलचा फिल्टर बदल. काडेपेटीएवढा असतो, दोन्ही टोकांना रबरी नळी, बाण इंजिनाकडे करून बसव. सगळं उघड्यावर कर आणि मेहुणेबुवांचा तो माश्यांना धूर द्यायचा डबा गाडीपासून लांब ठेव. हे मी मस्करीत लिहीत नाही.

वळणावरचा तो ट्रक मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तोवर चढावर भरलेली गाडी नेऊ नकोस.

दादा


२० मार्च

दादा,

बरणी ह्यांनीच टाकीतून भरून आणली, तिच्यात पाणी नव्हतं. तळाला चिमूटभर लाल गाळ होता. फिल्टर बदलला. जुना फिल्टर ह्यांनी उन्हात धरून असा न्याहाळला, जणू त्यात राणीमाशी सापडणार आहे. म्हणाले, सोफेवाल्याने फसवलं आपल्याला. आणि दोन दिवस गाडी खरंच नीट चालली. मी तुझ्या नावाने आनंदाने ओरडलेसुद्धा, तुला ऐकू गेलं नसेल.

मग परवा दुपारी पुन्हा तेच. त्याच वळणावर. या वेळी इंजिन बंद पडल्यावर ब्रेक इतका जड झाला की माझा पाय पुरेना आणि गाडी मागे घरंगळायला लागली. त्या वळणाला दगडी कठडा आहे, पण एका जागी तो पडलेला आहे आणि खाली दरी. हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला तेव्हा थांबली. मागचं चाक त्या पडलेल्या जागेच्या किती जवळ गेलं होतं ते मी उतरून पाहिलं, आणि पाहायला नको होतं असं वाटलं. कठड्याला टेकून बसून राहिले.

एक गोष्ट लक्षात आली. सकाळी गारव्यात गाडी नेली तर बंद पडत नाही. कधी उचकते, पण टेकडी ओलांडते. ऊन तापलं की मरते. याचा अर्थ काय?

तू म्हणशील सकाळीच जात जा. तसं चालणार नाही, दादा. ही गाडी मला कोणत्याही वेळी त्या टेकडीपलीकडे नेता यायला हवी. का ते विचारू नकोस. फक्त कशी ते सांग.

तुझी धाकटी


२८ मार्च

भोंग्या,

कठड्याचं वाचून माझ्या काळजाचं पाणी झालं. आधी हे कर: एक जाड लाकडी ठोकळा तिरका कापून घे आणि तुझ्या सीटखाली ठेव. गाडी थांबली की हँडब्रेक, गियर, आणि उतरून चाकामागे ठोकळा. मग बाकीचं.

ऊन तापलं की मरते म्हणालीस आणि मी मांडीवर हात मारला. उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होते. पंप बिचारा पेट्रोल ओढायला बसलेला, त्याच्या हाती नुसती वाफ. इंजिन निवलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी साळसूद होते. तुझी लक्षणं तंतोतंत जुळतात. नळी इंजिनाच्या अगदी अंगाला लागून गेली असेल तर ती बाजूला बांध. बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाकून बघ. त्यानेही भागलं नाही तर पंप म्हातारा झालाय, बदलून टाक. कुठल्याही दुकानात मिळेल, दोन बोल्ट असतात, मेहुणेबुवांना बॅटरी धरायला उभं कर.

आता दुसरं. एवढी कसली घाई आहे ग? माश्यांच्या पेट्या काही दुपारी हलवत नाहीत, इतकं मलाही कळतं. "का ते विचारू नकोस" असं तू आधी एकदाच म्हणाली होतीस, आणि त्यानंतर आईचं आजारपण बाहेर आलं होतं. मला ऐकू येत नाही, पण वाचता येतं. काय लपवतेयस?

दादा


६ एप्रिल

दादा,

हे पत्र ह्यांना कळू न देता लिहितेय. तुझी पत्रं नेहमी हेच जेवताना मोठ्याने वाचतात, मागचं नशिबाने आधी माझ्या हाती पडलं, तेव्हा उत्तरात याचा उल्लेख करू नकोस.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांना एक माशी चावली. एकच. आयुष्यभर अंगाखांद्यावर माश्या खेळवलेला माणूस, चावा म्हणजे डास चावल्यासारखा. त्या दिवशी मात्र आधी ओठ सुजले, मग अंगभर गांधी उठल्या, मग आवाज बसला आणि हे अंगणात कोसळले. नशिबाने औषधांची व्हॅन आली होती, तीतून टेकडीपलीकडच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की शरीर असं एकदा उलटलं की पुढचा चावा याहून वाईट असू शकतो. घरी ठेवायला एक इंजेक्शन दिलंय. म्हणाले, ते थोडा वेळ धरून ठेवेल, तेवढ्यात इथे पोचा. ॲम्ब्युलन्स तिकडून बोलवायची तर ती टेकडी दोनदा चढणार, आणि बोलवायला रेंज तरी कुठे आहे?

गाडी मी त्यासाठी घेतली. पेट्या हे निमित्त. हे पेट्या सोडायला तयार नाहीत. लांबूनच बघतो म्हणतात, आणि मी पाठ फिरवली की पेटीपाशी. रागावले तर हसतात. म्हणतात, माझ्या माश्या मला ओळखतात.

पंप बदलला. ह्यांनी बॅटरी धरली, बोल्ट मोजून माझ्या तळहातावर ठेवले. नळी बाजूला बांधली, ओलं फडकंही करून पाहिलं. तरी परवा दुपारी बंद पडलीच. मी वाण्याकडे जाते म्हणून बाहेर पडते आणि रिकामी गाडी घेऊन हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन येते. शेजारची सीट रिकामी असते, पण मी तिच्याकडे बघत चालवते. गाडी उचकली की माझाच श्वास अडकतो. घरी येऊन वाणसामान विसरले म्हणून सांगते. ह्यांना वाटतं मला विसरभोळेपणा जडलाय.

एकदाच, फक्त एकदाच, भर दुपारी ती लोण्यासारखी चालली. त्या दिवशी पेट्रोलवाल्याला टाकीचं झाकण कुठे ठेवलं तेच आठवेना, ते पेट्रोलपंपावरच राहिलं. त्याने म्हणे टाकीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला, झाकण सापडल्यावर मला हाक मारली, पण तोवर मी निघून गेले होते. टेकडी चढले, उतरले, एक उचकी नाही. मला वाटलं पीडा टळली. परत येताना त्याच्याकडूनच झाकण लावून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वळणावर उभी. देवसुद्धा चेष्टा करतो.

दादा, मला फार भीती वाटते. अंगणातून ह्यांची हाक आली की आधी गाडीची किल्ली उचलते, मग कळतं की चहा मागतायत. 

काहीतरी शोधून काढ.

तुझी धाकटी


१२ एप्रिल

भोंग्या,

पत्र मिळताच गाडीपाशी जा. झाकण! टाकीचं झाकण!

तू गंमत म्हणून लिहिलंस तेच उत्तर होतं. जुन्या गाडीच्या झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते. ते भोक बुजलं की टाकी आतून हवा ओढून धरते, पेट्रोल सोडत नाही. पंप नवा असो की जुना, तो तरी काय ओढणार? गाडी उभी केली की कुठूनतरी थोडीथोडी हवा आत झिरपते आणि ती पुन्हा सुरू होते. बोळा कोंबलेल्या दिवशी टाकीला श्वास घेता येत होता, म्हणून चालली.

गॅरेजमध्ये गाडी आली की माझा हात आपोआप आधी झाकणाकडे जायचा, पेट्रोल किती आहे ते बघायला. हाताला ते माहीत होतं, म्हणून डोक्याला कधी लक्षात ठेवावं लागलं नाही. घरी बसून पत्रातून गाडी दुरुस्त करायला गेलो आणि नेमकं तेच राहिलं.

खात्री करून घे. गाडी उचकायला लागली की थांबव, झाकण हळू फिरव आणि कान लाव. हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला तर तोच रोग. भोक कशाने बुजलंय, चिखलाने की रंगाने, ते इथून मला दिसत नाही. सुईने मोकळं कर. नाही झालं तर ते झाकण फेकून दे आणि कापडाचा बोळा लाव, पण गाडी आधी चालती कर. बाकीचं मागाहून.

लगेच कळव. एक ओळ लिही, पण लिही.

दादा


२१ एप्रिल

भोंग्या,

माझं पत्र मिळालं का? झाकणाचं पत्र. उत्तर नाही.

वहिनीने तुझ्या नंबरावर फोन लावून पाहिला, लागत नाही म्हणते. रोज टपालवाला येतो, मी फाटकाशी उभा असतो, तो लांबूनच मान हलवतो. कसं आहे सगळं? काहीही असलं तरी लिही.

दादा


२५ एप्रिल

दादा,

हे बरे आहेत. आधी हे वाच आणि बस, मग पुढचं.

तुझी दोन्ही पत्रं काल हाती पडली. आम्ही घरी नव्हतो, टपाल शेजारणीने ठेवलं होतं. तू झाकणाचं लिहिलंस ते पत्र पेटीत पडलं असेल त्याच्या आसपासच सगळं घडलं.

दुपारची वेळ. मी कपडे वाळत घालत होते. हे गाडीच्या मागच्या बाजूला उभे होते, पेट्यांपासून चांगले लांब, म्हणून मी निर्धास्त. हाक आली नाही. नुसता काहीतरी पडल्याचा आवाज. वळून बघते तर हे हौद्याला धरून उभे आणि एक हात मानेवर. म्हणाले, "अग, काही नाही, एकच आहे." एवढंच बोलले आणि ओठ जाड व्हायला लागले.

इंजेक्शन मी मांडीत टोचलं. ह्यांना सीटवर घातलं, पट्टा लावला, गाडी काढली. दादा, मी त्या रस्त्याची इतकी घोकंपट्टी केली होती की खड्डेसुद्धा पाठ होते. पण शेजारची सीट रिकामी नव्हती. तिथून येणारा तो घरघरता श्वास कुठल्याच घोकंपट्टीत नव्हता. मी बडबडत होते, आलंच, आलंच, बघा, वीटभट्टी गेली, आता पूल.

आणि चढ अर्धा झाला तोच गाडी उचकायला लागली. नेहमीपेक्षा लवकर. मी पाय पार खाली दाबला. मी तिला शिव्या दिल्या, हात जोडले. वळणाच्या अलीकडे ती गप्प झाली. आणि त्या शांततेत ह्यांचा श्वास ऐकू आला, शिट्टीसारखा.

हँडब्रेक, गियर, ठोकळा. तू शिकवलंस तसं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला आठवतं, मी गाडीभोवती एक चक्कर मारली, उगाचच, वेड्यासारखी. काय करायचं ते कळतच नव्हतं. आणि मग डोळ्यांसमोर तो बोळा आला. तुझं पत्र मला मिळालेलं नव्हतं, भोकाबिकाचं मला काही माहीत नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की ही एकदाच नीट चालली होती आणि तेव्हा तिला झाकण नव्हतं. म्हटलं, नको असेल हिला झाकण. नको तर नको!

फिरवलं. निघेना. ओढणी गुंडाळून दोन्ही हातांनी फिरवलं. आणि दादा, टाकीने असा श्वास ओढला की मी मागे सरकले. बुडता बुडता वर आलेलं माणूस ओढतं तसा. पेट्रोलपंपावर मला हे कधी ऐकू आलं नाही, मी पैसे द्यायला खिडकीशी असते. झाकण गाडीत फेकलं, ओढणीचा बोळा कोंबला, किल्ली फिरवली. फिरवत राहिले. लागली. त्यानंतर वळण, माथा, उतार, फाटक, काही आठवत नाही. स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ओठ निळे होते. डॉक्टर म्हणाले, आलात ते वेळेत आलात. मी तिथेच जमिनीवर बसले आणि हमसून रडले. भोंगा वाजला, संपूर्ण हॉस्पिटलने ऐकला.

आता जे लिहितेय ते फक्त तुझ्यासाठी. काल गाडी पुसताना झाकण पाहिलं. आतून मेण आहे. कडेने गोल वळी बसवलेली, आणि भोकावर अंगठ्याने दाबून चोपडलेलं. अंगठ्याचा ठसासुद्धा दिसतो. ह्यांच्या अंगठ्याला ती कापल्याची खूण आहे ना, ती त्या मेणात उमटलीय. माश्यांना पेट्रोलचा त्रास नको म्हणून. ऊन लागलं की मेण मऊ होऊन घट्ट बसत असणार. आणि त्या दिवशी हे मागे कशाला उभे होते तेही कळलं. झाकण पेट्रोलपंपावर राहिलं तेव्हा कडेचं मेण खरवडलं गेलं असणार, गारव्यात थोडा वास परत यायला लागला होता, म्हणून ताजं मेण लावत होते. ताज्या मेणाच्या वासावर माशी आली.

हे अजून अशक्त आहेत. सारखं विचारतात, गाडीला काय झालं होतं, दादा काय म्हणतो? मी हे कसं सांगू? आपल्याच हाताने आपला श्वास बंद केला हे कळलं तर हा माणूस मनातून खचेल. झाकणाचं तुझं पत्र मी लपवलंय. आता तू एक पत्र असं लिही की हे मोठ्याने वाचतील. काहीही कारण लिही. तुझ्या शब्दावर ह्यांचा विश्वास आहे.

तुझी धाकटी


२ मे

मेहुणेबुवांस आणि भोंग्यास,

तुम्ही दोघं सुखरूप आहात हे वाचलं आणि तुझ्या वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे मी इतक्या मोठ्याने हसलो की शेजारचे बाहेर आले. मला कसं कळणार? असो.

गाडीबद्दल मी पुष्कळ विचार केला. दोष पंपाचा. तुम्ही बसवलेला नवा पंप खराब निघाला, अशा वस्तू बाजारात येतात. नेमका वेळेला दगा दिला. दुकानदाराला चार शब्द सुनवायला हवेत, पण आता जाऊ द्या. यात घरातल्या कुणाचा काही दोष नाही.

सोबत एक नवं झाकण पाठवतोय. जुनं तसं ठीकच असेल, पण नवं बरं दिसतं. ते जसं आहे तसंच लावायचं, त्याला वरून-आतून काही करायचं नाही. थोडा वास आला तर येऊ द्यावा.

मेहुणेबुवा, आता माश्यांपासून लांब राहा. त्या तुम्हाला ओळखतात हे मान्य. मीही तुम्हाला ओळखतो, म्हणून सांगतोय.

दादा


१४ मे

दादा,

नमस्कार. पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, आजवर तुमची नुसती वाचत आलो. ही शेजारच्या परसात गेली आहे, तेवढ्यात लिहून टाकतो.

तुमचं पत्र हिला मोठ्याने वाचून दाखवलं. पंपाचं वाक्य दोनदा वाचलं. हिच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मला दिसला. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत.

पण तुम्ही आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्यात, तुम्हाला खोटं नीट बोलता येत नाही. तो पंप अजून गाडीत तोच आहे. ज्या पंपावर आम्ही टेकडी ओलांडून हॉस्पिटलात पोचलो, तो खराब कसा असेल?

त्या दिवशी वळणावर मी शुद्धीत होतो. डोळे सुजून बारीक झाले होते, बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. ही गाडीभोवती पळत होती आणि माझ्या मनात एवढंच होतं की मी गेल्यावर ही एकटी या वळणावरून गाडी मागे कशी घेणार. तिथे कठडा पडलेला आहे. मग टाकीचा तो आवाज आला. आणि हिने झाकण आत फेकलं, ते माझ्या पायाशी उताणं पडलं. माझं मेण होतं त्यात. त्या उन्हात चकाकत होतं. हॉस्पिटल येईपर्यंत मी दुसरीकडे बघू शकलो नाही. इतकी भीती मला त्या माशीचीही वाटली नव्हती.

हिला यातलं काही कळू देऊ नका. मला कळलंय हे कळलं तर ही मला समजावत बसेल, आणि हिने पुरेसं सोसलंय. पेट्या मी डोंगराखालच्या मधवाल्याला देऊन टाकल्या. हिला वाटतं डॉक्टरांच्या धाकाने दिल्या. तसंच वाटू दे.

झाकण मिळालं, बसवलं. पेट्रोलचा वास येतो. ही कुरकुर करते, आणि म्हणते, तुम्ही काही करत का नाही? मी म्हणतो, दादाने नको म्हटलंय.

आता रोज सकाळी ही उठायच्या आत मी खाली जातो, झाकण उघडतो आणि टाकीला कान लावतो. तुमच्या वतीने म्हणा हवं तर. आजही काहीच आवाज आला नाही. झाकण पुन्हा लावलं आणि हात धुऊन हिच्यासाठी चहा टाकला.

तुमचा मेहुणा